जोसेफ ब्रामा: हायड्रॉलिक जॅकची ताकद आणि वेग कुठे अडतो?

गॅरेजमध्ये एकटा माणूस जॅकचा दांडा हलवून गाडी उचलतो, ते बघून मला नेहमी प्रश्न पडायचा: एवढी ताकद आहे, तर गाडी इतकी हळू का चढते? उत्तर शोधताना मी जोसेफ ब्रामापर्यंत पोहोचलो.

ब्रामाचा जन्म १७४८ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, शेतकऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी पायाला दुखापत झाली, शेतीची कामं जमेनात, म्हणून तो सुतारकाम शिकला. पुढे लंडनला जाऊन त्याने १७८४ मध्ये कुलपाचं आणि १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं.

प्रेसचं गणित सोपं आहे. छोटा पिस्टन १ चौरस सेंमीचा, मोठा १०० चौरस सेंमीचा. छोट्यावर १० किलो जोर दिला, तर मोठ्यावर १,००० किलो मिळतो. पण फुकट काहीच नाही! छोटा १०० सेंमी दाबावा, तेव्हा मोठा जेमतेम १ सेंमी वर येतो. म्हणजे पिस्टन जेवढा मोठा, तेवढा जोर जास्त आणि वेग कमी.

मग पिस्टन तोच ठेवून दाबच वाढवला तर? ब्रामा तिथेच अडकला. पिस्टनभोवतीची फट सैल ठेवली की पाणी गळायचं, घट्ट आवळली की पिस्टन जाम व्हायचा. त्याच्याकडचा कारागीर हेन्री मॉडस्ले याने चामड्याचं वाटीसारखं सील बसवलं, असं मानतात. दाब वाढला की ते आपोआप घट्ट बसायचं, दाब उतरला की सैल व्हायचं. प्रेस खऱ्या अर्थाने चालू झाला तो यामुळे. पण पुढे मॉडस्लेने पगारवाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटलं, आणि १७९७ मध्ये हा हिरा त्याने गमावला.

शेवटी प्रेसने झाडं मुळासकट उपटायच्या कामावर देखरेख करताना ब्रामाला थंडी बाधली आणि डिसेंबर १८१४ मध्ये तो गेला.

आजच्या जेसीबीतही नियम तेच आहेत. जोराची मर्यादा दाब ठरवतो: सील, पाइप आणि सिलिंडर किती सोसतील तेवढाच. वेगाची मर्यादा पंप ठरवतो: मिनिटाला किती लिटर तेल देतो त्यावर. म्हणून मशीन वजनच उचलत नसेल तर आधी दाब तपासा, उचलतंय पण हळू चालतंय तर तेलाचा प्रवाह.