पोलिसांना सापडलाच नाही, त्या स्वातंत्र्यसैनिकाने पेन्शनसाठी पुरावा कुठून आणायचा? नाना पाटलांच्या आयुष्यातून समजून घ्या

सातारा आणि सांगलीत स्वातंत्र्यलढ्याचा विषय निघाला की पहिलं नाव येतं क्रांतिसिंह नाना पाटील यांचं. इंग्रज पोलिसांना ते तब्बल ४४ महिने सापडले नाहीत. त्यांच्यासोबत भूमिगत झालेल्यांची म्हातारपणी मात्र वेगळीच लढाई सुरू झाली. ती होती पेन्शनसाठी लागणाऱ्या कागदांची. नानांचं आयुष्य आणि पेन्शनचे नियम शेजारी ठेवून पाहिले, तर अडचण नेमकी कुठे आहे ते लक्षात येतं.

तलाठ्याची नोकरी सोडली

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, वाळवा तालुक्यातला. त्यांचं गाव येडेमच्छिंद्र. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा तो सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं.

नाना तलाठी होते. खेड्यात ही मानाची आणि हमखास पगाराची नोकरी. तरीही १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी ती सोडली. त्यांच्यावर सत्यशोधक विचारांचा प्रभाव होता. भाषण शेतकऱ्याच्या बोलीत करायचे आणि ते ऐकायला माणसं लांबून चालत यायची. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला.

प्रतिसरकार म्हणजे काय?

१९४२ च्या चले जाव चळवळीत वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार झाला. नि:शस्त्र मोर्चे काढून माणसं मरतात, हे पाहिल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ पासून गावागावांत प्रतिसरकार उभं राहिलं. त्याची न्यायदान मंडळं भांडणतंटे मिटवत, सावकार आणि गुंडांना शिक्षा करत, कमी खर्चात लग्नं लावून देत. तुफान सेना हे त्याचं सैनिक दल. गुन्हेगारांच्या पायाला पत्री ठोकतात, अशी चर्चा झाली आणि लोक त्याला पत्री सरकार म्हणू लागले.

जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली. एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याकडचा सरकारी खजिना लुटला गेला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे तरुण या कारवायांत पुढे होते. नाना या सगळ्यांचे नेते. त्यांच्यावर वॉरंट निघालं, पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, घर आणि जमीन जप्त झाली. तरीही नाना सापडले नाहीत. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचं सरकार आल्यानंतर ते उघडपणे लोकांसमोर आले.

स्वातंत्र्यानंतर काय झालं?

सत्ता आली, पण नाना सत्तेच्या बाजूला गेले नाहीत. काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. खासदार झाले तरी त्यांची राहणी शेतकऱ्याचीच राहिली. ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार वाळव्यात झाले.

पेन्शन कधी सुरू झाली?

स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना सुरू केली. तेव्हा नाना ७२ वर्षांचे होते. रक्कम होती महिना २०० रुपये. वर्षाचं उत्पन्न ५ हजार रुपयांपेक्षा जास्त असेल, तर पेन्शन नाही. म्हणजे सुरुवातीला ही मदत गरजूंपुरतीच होती. १९८० मध्ये उत्पन्नाची अट गेली आणि योजनेच्या नावात सन्मान हा शब्द आला. नाना जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती.

कोण पात्र ठरतं?

मुख्य अटी अशा:

- किमान ६ महिने तुरुंगवास. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३ महिने.
- ६ महिन्यांपेक्षा जास्त काळ भूमिगत. मात्र फरारी म्हणून घोषित केलेलं असावं, अटकेसाठी बक्षीस लावलेलं असावं किंवा स्थानबद्धतेचा न बजावलेला आदेश असावा.
- लढ्यात भाग घेतल्यामुळे मालमत्ता किंवा सरकारी नोकरी गेलेली असावी.
- गोळीबार किंवा लाठीमारात कायमचं अपंगत्व आलेलं असावं.

आता नानांचं आयुष्य या यादीशी ताडून पाहा. तुरुंगवास आहे, वॉरंट आहे, बक्षीस आहे, जप्तीही आहे. अर्ज भरायचा म्हटलं तर कागद कमी पडले नसते. कारण ते नेते होते आणि इंग्रजांच्या दप्तरात त्यांचं नाव होतं.

मग अडचण कुणाची?

चिठ्ठी पोहोचवणाऱ्या, रात्री पहारा देणाऱ्या, हत्यारं लपवणाऱ्या पोराची. त्याचं नाव पोलिसांना कळलं नाही, हेच त्याचं यश. पण त्यामुळे त्याच्या नावाचं वॉरंट नाही, तुरुंगाचा दाखला नाही. पन्नास वर्षांनी सरकार त्याच्याकडे नेमका तोच कागद मागतं. दप्तर मिळत नसेल, तर दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या जुन्या सैनिकाचा दाखला चालतो. पण तसे सहकारी एकेक करून गेले की ती वाटही बंद होते.

आणि भूमिगतांना भाकरी बांधून देणारी, घरात आसरा देणारी बाई? तिच्यासाठी या यादीत रकानाच नाही. प्रतिसरकार टिकलं ते मात्र अशाच घरांच्या जिवावर.

नियम इतके कडक का?

कारण खोटे दावेही झाले. नानांना लोकसभेत पाठवणाऱ्या बीड जिल्ह्यातच बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण गाजलं आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. दुसरीकडे, याच कोर्टाने २००१ मधल्या एका निकालात बजावलं, की अशा अर्जांना फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लावू नये, दावा संभवनीय वाटतो का ते पाहावं. १९९३ मध्ये उशिरा अर्ज केला म्हणून पेन्शन नाकारता येणार नाही, असंही कोर्टाने सांगितलं होतं.

आज त्या पिढीतलं क्वचितच कुणी उरलं आहे. पण घरात आजोबांची जुनी पत्रं, दाखले, सत्काराचे कागद, वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर फेकू नका. नानांचं नाव इतिहासात आहे. आजोबांचं नाव कदाचित त्या एका ट्रंकेतच असेल.