प्रकाशाच्या वेगाचे कारण शोधणारे मॅक्सवेल

प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो, हे रोमर यांनी गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून १६७६ साली दाखविले. १८४९ साली फिझो यांनी दातेरी चाकाच्या साहाय्याने पृथ्वीवरच त्याचा वेग मोजला. परंतु हा वेग एवढाच का, या प्रश्नाचा विचार करण्यास पहिला भक्कम आधार दिला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी.

मॅक्सवेल यांचा जन्म १३ जून १८३१ रोजी एडिंबरो येथे झाला. बालपण गॅलोवे परगण्यातील ग्लेनलेअर येथे, वडिलांच्या जमीनजुमल्यावर गेले. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. पुढे एडिंबरोच्या शाळेत खेडवळ वेष व उच्चार पाहून सोबत्यांनी त्यांना खुळे ठरविले. परंतु चौदाव्या वर्षी अंडाकृती वक्रांवर त्यांनी लिहिलेला निबंध प्राध्यापक फोर्ब्ज यांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला. १८५४ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत त्यांना दुसरा क्रमांक मिळाला आणि १८५६ साली ते अॅबर्डीन येथे प्राध्यापक झाले. १८६० साली तेथील दोन महाविद्यालयांचे एकत्रीकरण होऊन त्यांची जागा गेली. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजने त्यांना आपलेसे केले.

फॅरडे यांच्या चुंबकीय बलरेषांना गणिताचे रूप देणे, हा त्यांनी घेतलेला ध्यास. त्यासाठी त्यांनी अवकाश व्यापून राहिलेल्या, सूक्ष्म भोवऱ्यांनी भरलेल्या एका माध्यमाची कल्पना केली. तंबोऱ्याची तार ताणली की तिच्यावरील लाट वेगाने धावते; तार जड असली की लाट मंदावते. त्याचप्रमाणे या माध्यमातील लाटेचा वेग त्याच्या विद्युत् व चुंबकीय गुणधर्मांवरून ठरावा, असे गणित त्यांनी १८६१ च्या उन्हाळ्यात ग्लेनलेअर येथे मांडले. त्यातून येणारी संख्या मात्र त्यांच्यापाशी नव्हती. वेबर व कोलराउश यांनी १८५६ साली विद्युत्भार साठविणाऱ्या लेडन बरणीवर प्रयोग करून ती काढली होती. त्या प्रयोगात प्रकाशाचा संबंध कोठेही नव्हता. लंडनला परतल्यावर मॅक्सवेल यांनी ती संख्या पाहिली. तिच्यावरून लाटेचा वेग सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर येत होता. फिझो यांच्या मोजणीचा आकडा त्यांनी ३,१४,८५८ धरला होता. फरक शेकडा दीडहूनही कमी! प्रकाश म्हणजे त्याच माध्यमातील विद्युत्-चुंबकीय लाट, हा निष्कर्ष त्यांनी काढला. ग्रंथसंग्रहात पडून राहिलेली एक संख्या योग्य जिज्ञासूच्या दृष्टीस पडली की काय घडते, याचा हा दाखला ग्रंथप्रेमींनी ध्यानी ठेवावा असा आहे.

मात्र कसोटी पुढेच होती. १८६२ साली फूको यांनी प्रकाशाचा वेग सुमारे २,९८,००० किलोमीटर असल्याचे दाखविले आणि तो सुरेख मेळ सैलावला. मॅक्सवेल यांनी तेव्हा स्वतःच मोजणी हाती घेतली. हॉकिन यांच्यासह १८६८ साली २,६०० घटांची विद्युत्माला लावून त्यांनी प्रयोग केला. उत्तर आले सुमारे २,८८,०००. आकडे अजून जुळत नव्हते, तरी सिद्धान्तावरील त्यांचा विश्वास ढळला नाही. तत्पूर्वीच, १८६५ च्या निबंधात, त्यांनी भोवऱ्यांचे चित्र बाजूला ठेवून निव्वळ समीकरणे मांडली होती. १८७१ साली ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे पहिले प्राध्यापक झाले आणि १८७३ साली त्यांचा विद्युत् व चुंबकत्वावरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. मातेला ज्या वयात व ज्या व्याधीने गाठले, त्याच वयाच्या सुमारास त्याच व्याधीने ५ नोव्हेंबर १८७९ रोजी त्यांचे निधन झाले. हर्ट्झ यांनी १८८७-८८ साली विद्युत्-चुंबकीय लाटा प्रत्यक्ष निर्माण केल्या, तो विजय पाहण्यास ते हयात नव्हते.

त्यांना अखेरपर्यंत सत्य वाटलेले ते माध्यम आइन्स्टाइन यांनी १९०५ साली अनावश्यक ठरविले. समीकरणे मात्र अबाधित राहिली. प्रकाशाचा वेग हा अवकाश व काळ यांच्या रचनेचाच भाग होय, अशी दृष्टी त्यातून आली. १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच या वेगावरून केली जाते. म्हणून २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा आता मोजावयाचा उरलेला नाही, तो मानवाने ठरविलेला आहे. निसर्गाकडे विचारण्याजोगे उरते ते एककांवर अवलंबून नसलेल्या गुणोत्तरांविषयी: विद्युत्भार, पुंजस्थिरांक आणि प्रकाशवेग यांचे परस्परप्रमाण असेच का? त्याचे उत्तर अद्याप कोणासही गवसलेले नाही.