वाटसरूंची आई अहिल्याबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असून तिच्यात प्रत्येकीने काहीतरी लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले. तेव्हा एखादी पाककृती देऊन मोकळे व्हावे, असे मी ठरवले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. हिशेबाची वही सोडली तर लिहिण्याची सवय नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी एक वादळ झाले आणि त्यातून मला हा विषय मिळाला.

माझा थोरला मुलगा येथल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. एका रविवारी त्याने जेवणानंतर जमिनीवर भला मोठा नकाशा पसरला. त्याला मोटारसायकलवरून खुष्कीच्या मार्गाने थेट युरोपपर्यंत जायचे आहे. वर्षभराची रजा कोण देणार? म्हणून त्याने प्रवासाचे तुकडे पाडले होते. दरवर्षी तीन आठवडे जायचे. पहिल्या वर्षी काशीपर्यंत. गाडी तेथेच ओळखीच्या ठिकाणी ठेवून आगगाडीने परत यायचे. दुसऱ्या वर्षी काशीहूनच पुढे नेपाळात शिरायचे. असे एकेक टप्पा करीत सात-आठ वर्षांनी शेवटास न्यायचे. परदेशात गाडी नेण्याचे कागद, व्हिसा, कोणत्या महिन्यात कोठला घाट बर्फाने बंद असतो, सारे त्याने वहीत मांडले होते.

माझा जीव खालीवर झाला. रात्री निजणार कोठे, पाणी कसले पिणार, कोणी वाटेत लुबाडले तर दाद कोणाकडे मागणार, असे मी रागारागाने विचारले. तो गप्प झाला. तेव्हा आमच्या सासूबाई पोथी बाजूला ठेवून म्हणाल्या की, हेच प्रश्न चोंडीच्या लेकीलाही पडले होते; फक्त तिने ते कोणाला रागावून विचारले नाहीत, स्वतःच त्यांची उत्तरे बांधून ठेवली. सासूबाईंचे माहेर जामखेड तालुक्यातले. चोंडी म्हणजे त्यांचे जवळजवळ माहेरच.

भगिनींनो, आपल्या जिल्ह्याला 2024 साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. 2025 साली देवींच्या जन्माला 300 वर्षे झाली. आपण हार घातले, भाषणे ऐकली. पण बसच्या पाटीवर रोज नाव वाचणाऱ्या माझ्यासारखीला त्यांच्या कामाची नीट ओळख नव्हती. सासूबाईंच्या त्या एका वाक्याने मी वाचनालयात गेले आणि मिळाले तेवढे वाचले. ते येथे माझ्या साध्या शब्दांत देते.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चोंडीस झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. आपल्या नगराजवळून वाहणारी सीनाच पुढे चोंडीजवळून जाते. मल्हारराव होळकरांचा तळ तेथे पडला असता देवळात ही चुणचुणीत मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी तिला सून करून घेतली, असे सांगतात. 1733 साली खंडेरावांशी लग्न झाले तेव्हा तिचे वय आठ वर्षांचे. 1745 साली मालेराव आणि 1748 साली मुक्ताबाई अशी दोन मुले झाली.

1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. सासऱ्यांनी पदर पसरून त्यांना मागे फिरवले. आणि मागे फिरवून कोपऱ्यात बसवले नाही, हे मला विशेष वाटते. मल्हाररावांनी सुनेला हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची तरतूद सारे शिकवले. 1765 सालचे त्यांचे एक पत्र आहे. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जावे, मोठ्या तोफा जवळ ठेवून दारूगोळ्याची सोय करावी, आणि वाटेच्या रक्षणासाठी ठाणी बसवावीत, अशी आज्ञा त्यात सुनेला केली आहे. वाट म्हणजे नुसती जमीन नव्हे, तिच्यावर मुक्काम, पाणी आणि पहारा लागतो, हे शिक्षण त्यांना असे लष्कराच्या तळावर मिळाले.

1766 साली मल्हारराव गेले. पुढल्याच वर्षी मालेरावही गेले. दिवाण गंगाधर यशवंत यांनी राघोबादादांना फौजेसह बोलावले. एक विधवा बाई काय करणार, असा त्यांचा हिशेब असावा. अहिल्याबाई लढायला उभ्या राहिल्या, आणि बाईशी लढून जिंकण्यात कीर्ती नाही व हरण्यात अपकीर्ती मोठी, हे त्यांनी दादांना बरोबर उमगू दिले. दादा मागे सरले. माधवराव पेशव्यांनी कारभार अहिल्याबाईंकडे ठेवला. फौज तुकोजीराव होळकरांकडे दिली गेली, आणि बाईंनी नर्मदाकाठी महेश्वरी राहून पुढे 28 वर्षे राज्य केले.

आता मूळ गोष्टीकडे येते. त्या काळी यात्रेला निघणे म्हणजे घरच्यांचा कायमचा निरोप घेण्यासारखेच होते. दिवसाला पाच-सहा कोस चालायचे, अंधार पडेल तेथे पथारी टाकायची. वाटेत नदी, जंगल, आजार, चोर. अहिल्याबाईंनी ह्या लांबच लांब वाटेवर जागोजाग घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे उभारली. उत्तरेस केदार-बदरी, दक्षिणेस रामेश्वर, पूर्वेस जगन्नाथपुरी, पश्चिमेस द्वारका, अशा चारी दिशांना त्यांचे काम आहे. आपल्या जवळचे सांगायचे तर वेरूळचे घृष्णेश्वराचे देऊळ. आपल्यापैकी पुष्कळजणी तेथे जाऊन आल्या आहेत.

ह्यातली बरीचशी ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हती. काशी, सोमनाथ, गया ही सारी दुसऱ्यांच्या मुलखात. तेथून कर मिळायचा नव्हता की फौजेला माणूस मिळायचा नव्हता. तरी त्यांनी बांधले, कारण वाटसरू ज्या वाटेने जातो ती वाट राज्याच्या शिवेवर थांबत नाही.

आणि हे सारे एका वर्षात झाले नाही. राज्य हाती आल्यावर तेरा वर्षांनी, 1780 साली, काशीविश्वेश्वराचे देऊळ झाले. 1783 साली सोमनाथ. 1787 साली गयेचे विष्णुपद. मध्ये युद्धे होती, बंडे होती, घरात मरणे होती. एक काम झाले की पुढचे. बांधून झाले म्हणजे विसरून गेल्या असेही नाही. देवस्थानांना व अन्नछत्रांना वर्षासने लावून दिली. दूरच्या दक्षिणेतल्या देवळांकडे गंगाजलाच्या कावडी रवाना होत. राज्य टाकून एवढ्या ठिकाणी स्वतः जाणे शक्य नव्हते. महेश्वरी बसून, कारकुनांची पत्रे आणि जमाखर्च पाहत त्यांनी ही सारी वाट पुरी केली. पैसा खर्चला तो बहुतेक आपल्या खासगी जहागिरीतला. आपण डाळीच्या डब्यात पैसे साठवतो ना, त्यातलाच हा थोर प्रकार.

चोरांच्या प्रश्नाचे उत्तरही वाचण्यासारखे आहे. डोंगरातले काही भिल्ल वाटसरूंना लुटीत. अहिल्याबाईंनी आधी कडक उपाय केले. पण नुसत्या शिक्षेने पोट भरत नाही हे त्यांनी ओळखले. डोंगरवाटेने जाणाऱ्या मालावर थोडी भिलकवडी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्याबदली वाटेचे रक्षण करायचे आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास माल शोधून द्यायचा, अशी जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ज्यांचे भय वाटायचे तेच राखणदार झाले.

माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंच्या मागे माळव्यातल्या लोकांकडून त्यांची माहिती मिळवून लिहून ठेवली आहे. पहाटे सूर्योदयाआधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे जेवण, दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार, आणि रात्री पुन्हा कामकाज, असा त्यांचा नेम होता. उन्हाळ्यात रस्त्यावर वाटसरूंना पाणी देण्यास माणसे बसवलेली असत. शेतात नांगर ओढणाऱ्या बैलांनाही भर दुपारी थांबवून पाणी पाजले जाई. पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून शेते राखून ठेवलेली असत. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या बाईलाच हे सुचणार.

इतरांच्या वाटेवर सावली करणाऱ्या ह्या बाईच्या घरी मात्र ऊनच पडले. तरणा नातू गेला. 1791 साली जावई यशवंतराव फणसे गेले, आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने परोपरीने विनवले. मल्हाररावांचे शब्द अहिल्याबाईंना मागे फिरवू शकले, पण अहिल्याबाईंचे शब्द लेकीला मागे फिरवू शकले नाहीत. हे वाचताना मला पुढची ओळ दिसेना. एवढे होऊनही त्या कामावर परत बसल्या. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी त्यांचा अंत झाला. त्यांनी बांधलेल्या कित्येक घाटांवर आजही लोक अंघोळ करतात.

हे वाचून मी मुलाची वही मागून घेतली. त्याला वाटले, मी ती लपवणार. मी तिच्यात प्रत्येक मुक्कामापुढे तीन रकाने आखले: निजण्याची जागा, पाणी-औषध, आणि अडचणीत कोणाला सांगायचे. हे तीन रकाने भरल्याशिवाय तो टप्पा निघायचा नाही, असे ठरले. एका रविवारी त्याच्या मागे बसून सोलापूर रस्त्याने मी चोंडीस जाऊन आले. आयुष्यात प्रथमच मोटारसायकलवर एवढी लांब बसले. परतताना कंबर धरली होती, पण मन हलके होते. त्याच्या प्रवासातला तोच पहिला मुक्काम, असे मी वहीत लिहून टाकले आहे. भीती गेली असे म्हणणार नाही. पण लेकराची वाट अडवण्यापेक्षा ती बांधून द्यावी, एवढे मला कळले.

भगिनींनो, आपले हात लहान आहेत, पण वर्षाला एक काम आपल्यालाही जमेल. येत्या उन्हाळ्यात बसथांब्याजवळ मंडळाची एक पाणपोई घालावी, आणि पुढल्या वर्षी ती चालू ठेवून दुसरे काही करावे, अशी माझी सूचना आहे. पहिल्या दोन माठांचा खर्च मी माझ्या डब्यातून देईन.