श्रीसंत सावता महाराज आणि मळ्यातील पंढरी

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात अरण नावाचे गाव आहे. श्रीसंत सावता महाराजांचा जन्म याच गावी इ. स. १२५० मध्ये झाला. वडील परसोबा, आई नांगिताबाई. आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी होते, तेव्हा विठ्ठलभक्ती घरात आधीपासूनच नांदत होती. पुढे भेंड गावच्या जनाबाईंशी महाराजांचा विवाह झाला. विठ्ठल व नागाताई ही त्यांची दोन अपत्ये. एवढा कुलवृत्तांत पुरे, कारण महाराजांचे खरे चरित्र मळ्यात घडले.

श्रीज्ञानेश्वर व श्रीनामदेव हे त्यांचे समकालीन. ही संतमंडळी तीर्थयात्रा करीत दूरदूर फिरली. सावता महाराज मात्र अरण सोडून कोठे गेले नाहीत. माढ्याची शीव पंढरपूर तालुक्याला लागूनच आहे, तरी ते पंढरीसही गेले नाहीत, असे परंपरा सांगते. कोणी याला आळस म्हणेल, पण ज्याने मळा केला आहे तो म्हणणार नाही. ज्वारी पेरून माणूस चार दिवस पै-पाहुण्यांकडे जाऊन येतो. भाजीपाल्याचे तसे नाही. वाफ्याची पाळी चुकली की रोप माना टाकते, खुरपणी लांबली की तण डोक्यावर येते, आणि आज खुडायची भाजी उद्या जून होते. महाराजांनी हे काम देवाच्या आड येणारे मानले नाही. मुखी नाम आणि हाती खुरपे, हीच त्यांची पूजा. व्रत, यज्ञ, कडक तप यांची त्यांना गरज वाटली नाही. उगवून आलेल्या भाजीत, पाटाने वाहणाऱ्या पाण्यात त्यांना विठ्ठलच दिसे. पीक आपण आणले असे न म्हणता ते देवाने दिले असे म्हणत.

त्यांच्या अभंगांत म्हणूनच शेतामळ्याचे शब्द आले. आज त्यांचे ३७ अभंग उपलब्ध आहेत. ते लिहून ठेवले काशिबा गुरव यांनी. आम्हा लेखणी धरणाऱ्यांना या काशिबांचे विशेष कौतुक वाटते. त्यांनी नोंद ठेवली नसती तर मळ्यातले ते बोल मळ्यातच विरले असते.

एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. नामदेवांसह निघालेला पांडुरंग अरणजवळ आला आणि नामदेवांची नजर चुकवून मळ्यात शिरला. मला लपव, असे त्याने सावता महाराजांना विनविले. महाराजांनी खुरप्याने आपली छाती चिरून देवाला आत ठेवले व काम पुढे चालू केले. कथा शब्दशः घ्यावी की कसे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र तीत देव स्वतः चालत मळ्यात आला आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत, कधी मंदिरी न गेलेल्या संताचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. काम चालू असताना काही बंधू-भगिनी खंत करीत, की वर्गणी जेमतेम दिली, श्रमदानास सवड मिळाली नाही, दारी जनावरे, रानात पाळी. आमची सेवा काही घडली नाही. त्यांच्यासाठी हे चरित्र मुद्दाम निवडले. देणगीदारांचे ऋण मोठेच आहे व त्यांची नावे फलकावर येतील. पण दिवसा मोलमजुरी करून रात्री वाळूच्या पाट्या वाहिल्या, त्यांची पावती कोणी फाडलेली नाही. कळसाकडे हात जोडून तसेच रानात जाणाऱ्यांची तर मोजदादही नाही.

महाराजांनी आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मध्ये देह ठेवला. वय अवघे ४५. समाधी अरण येथेच आहे. आषाढी एकादशीला संतांच्या पालख्या पंढरपुरास जातात, सावता महाराजांची जात नाही. एकादशी झाल्यावर, महाराजांच्या पुण्यतिथीच्या सुमारास पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते.