लक्ष्मीबाई टिळकांची चूल

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत खाण्यापिण्याविषयी काही लिही, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. आता कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा, रोडगे हे तर आपल्याकडे घरोघरी होते. त्याची कृती मी तुम्हाला काय सांगावी? तुमच्यापैकी कितीतरी जणी माझ्यापेक्षा सुगरण आहेत. म्हणून मी पदार्थाची कृती न देता एका बाईची हकिकत देत आहे. ह्या बाईंच्या आयुष्यात जे मोठे वादळ झाले ते पुष्कळसे चुलीपाशी झाले आणि शमले तेही चुलीपाशीच. त्या बाई म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. त्यांच्या आईचे वडील सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत फासावर गेले होते. त्या दिवसांत घरावर जे संकट आले त्याचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा धसका घेतला की, त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धान्य धुणे आपण समजू शकतो. पण त्या घरात मीठसाखरसुद्धा धुवून घेत! मीठ धुतल्यावर उरणार किती, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. पण बोलायची सोय नव्हती. मुलांनी कशाला हात लावला, कोणाच्या अंगाला अंग लागले, यावर घरातले दिवस जात. अशा घरात लहानग्या मनूच्या मनावर सोवळ्याओवळ्याचा ठसा किती खोल उमटला असेल!

अकराबारा वर्षांची असताना, 1880 साली, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले व ती लक्ष्मी झाली. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, कवी टिळक. त्यांची बुद्धी मोठी, मन त्याहून मोठे, पण संसाराच्या नावाने शून्य. पैसा आला की तो हातात ठरायचा नाही. कोणी अडलेला दिसला की देऊन मोकळे व्हायचे. पाहुणा केव्हा येईल याचा नेम नाही आणि नवरा केव्हा घर सोडून निघून जाईल याचाही नेम नाही. आज या गावी नोकरी, तर उद्या त्या गावी. नागपूर आणि राजनांदगावपर्यंत हा संसार हिंडला. नाशिकहून नागपूरकडे आगगाडीने जायचे म्हणजे आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरूनच जायचे. ह्या आपल्या स्टेशनांवरून ती तरुण बाई आपले गाठोडे सांभाळीत गेली असेल, असे माझ्या मनात नेहमी येते. डब्यात काय होते आणि किती होते, ही काळजी मात्र नेहमी लक्ष्मीबाईंचीच.

लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. माझ्यासारख्या सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला हे वाचून मोठा धीर आला.

आता त्या काळी जेवणाखाण्याचे बंधन कसे होते ते थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट आजच्या मुलींना खरी वाटणार नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली होती. तेथे त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता पेला हातात धरला. पुढे ह्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि केवढे वादळ उठले! खुद्द लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्त घेण्याची पाळी आली. पाव आणि बिस्कीट खाल्ले म्हणजे मनुष्य बाटला, अशी समजूत होती. वास्तविक आपण कणकेचा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून रोडगा करतो, भटारी पीठ आंबवून भट्टीत भाजतो व पाव करतो. धान्य तेच, पाणी तेच, विस्तवही तोच. फरक काय तो मळणाऱ्या हाताचा. सारे भांडण त्या हातापाशी होते.

अशा त्या दिवसांत कवी टिळक राजनांदगावकडे जात असता गाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल वाचण्यास दिले. वाचता वाचता त्यांचे मन तिकडे वळले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. ती बातमी लक्ष्मीबाईंपर्यंत आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पदरी चार वर्षांचा मुलगा दत्तू. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालणार नाही आणि त्याच्या पंक्तीला बसता येणार नाही. ना सधवा ना विधवा, अशी त्यांची दशा झाली. नातलगांनी त्यांना आधार दिला. पंढरपुरास नेऊन ठेवले. तेथे दिवस काढताना त्यांनी रडून रडून प्रकृती बिघडवून घेतली. दुःख आवरेनासे झाले म्हणजे त्या कविता रचीत. ह्या बाईंची कविता अशी दुःखातून आली.

जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. टिळक पत्रे लिहीत, भेटीस येत, परत या म्हणत. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याजवळ गेल्या. पण त्या गेल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. त्यांची चूल वेगळी, पाण्याची भांडी वेगळी. पतीच्या धर्माचा स्पर्श आपल्या अन्नाला होऊ नये, म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून जपत. येथे मला टिळकांचे मोठे कौतुक वाटते. त्यांनी धर्म बदलला तो बायकोला न विचारता, ही गोष्ट मला आजही बरी वाटत नाही. पण घरात आल्यावर तिच्या सोवळ्याला त्यांनी धक्का लावला नाही. माझ्या ताटात जेव, माझ्या भांड्यातले पाणी पी, अशी सक्ती त्यांनी केली नाही. दोन चुलींचा तो संसार त्यांनी सोसला.

मग सोवळे सुटले कसे? कोणाच्या उपदेशाने नव्हे. त्यांचे त्यांनाच विचार करता करता उमगले. देवाने माणसांच्या जाती केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे त्या दिसल्या असत्या. गाय वेगळी दिसते, घोडा वेगळा दिसतो, पण माणसांत पाहावे तर पुरुष आणि स्त्री ह्या दोनच जाती दिसतात. मग बाकीच्या जाती देवाच्या नव्हेत, माणसांच्या. हा विचार एकदा मनात पक्का झाल्यावर त्यांनी ठरविले की, आता कोणाच्याही हातचे खायचे. ज्या मुलीने लहानपणी मीठ धुताना पाहिले, तिने कोणाच्याही हातचा पेला तोंडाला लावायचा, ही काय सोपी गोष्ट झाली? डोके पटकन मानते, पण घशाला ते मानवायला वेळ लागतो. पुढे 1900 साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मी विठ्ठलाची भक्त आहे. कोणी कोणत्या देवाला हात जोडावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण धर्म बदलण्याच्या आधी त्यांनी पंगत बदलली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्याच सुमारास, 1899-1900 साली, मोठा दुष्काळ पडला. आपला वऱ्हाडही त्यात होरपळला. नगरकडे तर आईबाप मेलेली, हाडांचे सापळे झालेली पोरे मिशनच्या आश्रयाला येत होती. अशा वेळी लक्ष्मीबाईंची चूल मोठी झाली. अनाथ मुलांना जवळ घ्यावे, न्हाऊ घालावे, दोन घास भरवावे, ह्यात त्या गुंतून गेल्या. प्लेगच्या साथीतही आजाऱ्यांची शुश्रूषा करायला त्या भ्याल्या नाहीत. ज्या बाईला परक्याची सावली चालत नव्हती, तिच्या मांडीवर आता कोणाचीही लेकरे खेळू लागली. तारा नावाची मुलगी त्यांनी आपलीच म्हणून वाढविली. आपले बालकवी ठोमरेही काही काळ त्यांच्या घरी राहिले आणि मुलासारखे जेवले. घरात पैसा कधीच पुरेसा नव्हता. पण आणखी एक पान मांडायचे तर पिठात आणखी पाणी आणि पातळ भाजीत आणखी एक तांब्या, ही युक्ती आपल्याला काय नवी आहे?

9 मे 1919 रोजी टिळक वारले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी हातपाय गाळले नाहीत. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात त्यांनी काम केले, मुलाबरोबर कराचीसही राहिल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे मोठे काव्य हाती घेतले होते, त्याचे अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय ह्या शाळेत न गेलेल्या बाईंनी रचले. मुलाच्या आग्रहावरून त्या आपल्या आठवणी लिहू लागल्या, तीच ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून तिचे भाग निघू लागले आणि सबंध महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. त्या पुस्तकात अलंकार नाहीत. ओट्यावर बसून शेजारणीला सांगावे तसे त्यांनी सांगितले आहे. इतके दुःख भोगलेली बाई स्वतःला इतकी हसू शकते, ह्याचेच नवल वाटते. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांनी देह ठेवला.

आता आपल्याविषयी थोडे. आपण म्हणाल, हे सर्व जुने झाले, आता कोण पाळते? अस्पृश्यता 1950 साली घटनेने बंद झाली. बेकरीतला पाव आणि टोस्ट आपण रोज चहाबरोबर खातो, तो कोणी मळला हे विचारीत नाही. शेगावला महाराजांच्या प्रसादाच्या पंगतीत बसतो, तेव्हा शेजारी कोण आहे हे पाहत नाही. मग आपल्या घरी आणि आपल्या मंडळातच असे का व्हावे की, सहभोजनाला सगळ्या जणी डबे आणतात, पण काही डबे लवकर रिकामे होतात आणि काही तसेच भरलेले परत जातात? भाजीला मीठ कमी होते म्हणून नव्हे. आपण सगळ्या जणी हे पाहतो आणि कोणी बोलत नाही. डबा भरलेला परत नेणारी बाई तर मुळीच बोलत नाही. ती पुढच्या वेळी काहीतरी निमित्त सांगून येत नाही, एवढेच. तिने पहाटे उठून केलेले रोडगे घरी जाऊन ती मुलांपुढे ठेवते, तेव्हा मुले विचारतात, आई, कोणीच का नाही खाल्ले? त्या मुलांना ती काय सांगत असेल?

मोठ्या सुधारणा करणे आपल्या हाती नसेल, पण चूल आपल्या हाती आहे. घरात कोण कोणाच्या हातचे खाणार, हे पुरुषांपेक्षा आपणच ठरवितो, आणि मुलेही ते आपल्याकडे पाहूनच शिकतात. म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. यंदाच्या वर्धापनदिनाला वेगवेगळे डबे आणूच नयेत. सर्वांनी शिधा एकत्र करावा, मंडळाच्या अंगणात गोवऱ्या पेटवाव्या, सर्व जणींनी मिळून कणीक मळावी आणि रोडगे, वरण व वांग्याची भाजी असा बेत करावा. निखाऱ्यातून काढलेला रोडगा कोणी वळला हे ओळखू येत नाही. राख झटकावी, फोडावा, तूप सोडावे आणि एका पंगतीत बसून खावा.