हळदीतला उजेड आणि सर जॉर्ज स्टोक्स



सातारा-सांगलीकडील भाविकांना हळदीची ओळख करून देण्याचे कारण नाही. वाईच्या शिवारात ती पिकते, सांगलीच्या पेठेत तिचे सौदे होतात. हीच हळद मद्यार्कात भिजवून सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी तिच्यातून निघणारा हिरवट उजेड अभ्यासला आणि १८५२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नोंदविला.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्क्रीन या खेड्यात, एका प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या घरी झाला. १८४१ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते पहिले आले. १८४९ पासून अखेरपर्यंत ते न्यूटन यांनी भूषविलेल्या प्राध्यापकपदावर होते.

काळोख्या खोलीत फटीतून घेतलेला सूर्यप्रकाश लोलकांतून नेऊन त्यांनी रंगपट पाडला व क्विनीनच्या द्रावणाची नळी त्यातून हळूहळू सरकवली. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या रंगांत काहीच घडले नाही. जांभळ्याच्या टोकाशी मात्र नळीत निळे तेज उमटले आणि त्याही पलीकडे, डोळ्यांना जिथे अंधारच दिसतो तिथेही, ते टिकून राहिले. न दिसणारे किरण शोषून पदार्थ अधिक लांब तरंगांचा दृश्य प्रकाश देतो, हे त्यांनी ओळखले. फ्लुओरस्पार या खनिजावरून त्यांनी या गुणाला फ्लुओरेसन्स असे नाव दिले. (येशूसंघीय फादर अथानासियस किर्चर यांनी पाण्याला निळी झाक देणाऱ्या एका लाकडाचे वर्णन १६४६ मध्येच केले होते, कारण मात्र दोनशे वर्षे अज्ञात राहिले.) आज प्रयोगशाळेतील यंत्र नमुन्यावर निवडक प्रकाश टाकते, बहुधा काटकोनातून बाहेर पडणारा प्रकाश मोजते आणि त्यावरून पदार्थाची पारख होते. शोषलेल्या व दिलेल्या प्रकाशातील अंतराला स्टोक्स यांचेच नाव आहे.

इतक्या यशानंतर त्यांनी १८५४ ते १८८५ अशी एकतीस वर्षे रॉयल सोसायटीचे चिटणीसपद सांभाळले. इतरांचे निबंध वाचणे, चुका दाखवणे, पत्रे लिहिणे यांत त्यांचे स्वतःचे संशोधन मागे पडले. संपादनाचे काम केलेल्यास ही किंमत ठाऊक असते. सूर्याच्या रंगपटातील काळ्या रेषांचा उलगडा त्यांनी किर्खहोफ यांच्या आधी केला होता, असे त्यांचे मित्र लॉर्ड केल्व्हिन आग्रहाने सांगत. स्टोक्स यांनी ते श्रेय जाहीरपणे नाकारले.

पापी माणसाची अनंतकाळची शिक्षा त्यांना मान्य नव्हती. येथे आपली श्रद्धा त्यांच्याहून वेगळी आहे. विज्ञानाने देवावरील आपला विश्वास डळमळतो, असे मात्र त्यांना कधी वाटले नाही. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.