आगरकर आणि डेन्मार्कचा राजपुत्र

‘सुधारका’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर सर्वांस ठाऊक आहेत, परंतु ते आपल्या वऱ्हाडांत शिकले, हें आमच्या बालवाचकांपैकीं थोड्यांनाच माहीत असेल. १८५६ सालीं कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं जन्मलेले हे निर्धन कुटुंबांतील आगरकर विद्येसाठीं अकोल्यास आले व १८७५ सालीं मॅट्रिक झाले. तेथें त्यांस विष्णु मोरेश्वर महाजनी हे गुरु लाभले. पुढें याच महाजनींनीं शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ नाटक रचलें.

पुण्यास डेक्कन कॉलेजांत दारिद्र्य सोबतीस होतेंच. एकुलता सदरा रात्रीं धुवावा आणि सकाळीं तोच अंगांत घालावा! परीक्षेच्या फीसाठीं त्यांनीं नाटक लिहावयास घेतलें, असें सांगतात. केरूनाना छत्रे यांच्या कानीं हें जातांच त्यांनीं पैसे दिले आणि अभ्यासाकडे लक्ष द्यावयास सांगितलें. तें नाटक राहिलें याची हळहळ आम्हांस वाटते. तथापि फी भरली गेली, हें अधिक बरें झालें.

१८८२ सालीं टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढल्यावर, पुढच्याच वर्षीं त्यांचें ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झालें. हें ‘हॅम्लेट’चें मराठी रूप. राजपुत्र येथें चंद्रसेन झाला. परंतु गोड शेवटाची संवय असलेल्या प्रेक्षकांसाठीं मूळचा शोकान्त मात्र त्यांनीं बदलला नाहीं. शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी यांनीं ही भूमिका अशी वठविली कीं, इंग्रजीचें अक्षरही न जाणणारे लोक चंद्रसेनासाठीं हळहळले.